किल्ल्याकडे पाठ

जर्मनीत आलो त्या पहिल्याच महिन्यात मी एश्बॉर्नच्या तळ्यावर बदकांना शिळी पोळी घातली. हेतू पुण्याचाच होता. आदल्या दिवशीच्या पोळ्या उरल्या होत्या, टाकवत नव्हत्या आणि समोर बदकं आशेने माना वर करून बघत होती. पहिला तुकडा टाकला तोच मागून असा काही आवाज आला की उरलेली अख्खी पोळी हातातून निसटून पाण्यात पडली. एक उंच, वाळका म्हातारा छत्री रोखून माझ्यावर चालून येत होता. माझं जर्मन तेव्हा 'गुटन टाग'च्या पुढे गेलं नव्हतं, पण रागाला दुभाषी लागत नाही. माझा चेहरा बघून तो इंग्रजीत उतरला.

"हे पाण्यात फुगतं. मग बदकाच्या पोटात फुगतं. मग बदक मरतं. तुम्हाला बदक मारायचंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"गेनाऊ!" तो म्हणाला. अगदी बरोबर, या अर्थाने. मग छत्रीच्या टोकाने ती भिजलेली पोळी काठाला ओढली, नीट पिळली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक घर बघायला गेलो. फ्रँकफर्टच्या आसपास भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय ते ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक. आल्यापासून वणवण चालली होती. बेल दाबली, दार उघडलं, आणि दारात छत्रीवाला. मी बायकोला कुजबुजत म्हटलं, "चल, परत फिरू." ती म्हणाली, "का?" तिला बदकप्रकरण सांगितलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कालच्या त्या पोळीचं काय केलंत?"

"कचऱ्यात टाकली."

"कुठल्या डब्यात?"

"ओल्या कचऱ्याच्या."

"बिओ?"

"बिओ."

"या आत," तो म्हणाला. त्याच आठवड्यात किल्ल्या आमच्या हातात होत्या. वरच्या मजल्यावर आम्ही, खालच्या मजल्यावर ते. पुढची नऊ वर्षं आम्ही त्यांना आपसात 'मालक' म्हणत आलो. ते मला 'हेर नाखबार' म्हणायचे, म्हणजे शेजारीबुवा. बायकोला 'शेफिन', म्हणजे साहेबीणबाई. कोण कोणाला काय म्हणायचं, हे त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं.

मालक रिटायर्ड पूल-इंजिनियर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी हॅम्बर्गला. रोज सकाळी आणि संध्याकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी. याला लुफ्टेन म्हणतात, आणि आमच्या मालकांच्या लेखी ती संध्याच होती. आमची खिडकी उघडायला उशीर झाला की खालून छताला झाडूचा दांडा वाजे. आमच्या फोडणीबद्दल मात्र एका शब्दाने कधी तक्रार नाही. उलट एकदा जिन्यात थांबून लांब श्वास घेत म्हणाले, "आज हिंग जास्त पडलाय." हिंग हा शब्द त्यांना कोणी शिकवला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि एक घडीचं स्टूल. हिरव्या कापडाचं, लोखंडी पायांचं. ते काखेत मारल्याशिवाय माणूस घराबाहेर पडायचा नाही. आम्ही नवखे म्हणून पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला जवळचा एक किल्ला दाखवायला नेलं. आता मी पुण्याचा. कॉलेजात असताना दर रविवारी एक गड, असा माझा लौकिक. तो माझा मीच पसरवलेला, पण लौकिकच. मी तट, बुरूज, दरवाजे बघत सुटलो. परत येऊन पाहतो तर मालक स्टूल टाकून बसलेले, किल्ल्याकडे चक्क पाठ करून, समोरच्या शेतांकडे बघत.

मी म्हटलं, "किल्ला इकडे आहे."

"माहीत आहे. किल्ल्याकडे सगळेच बघतात. किल्ला कशाकडे बघतो ते बघायला कोणी येत नाही."

त्यानंतर मी शेजारी उभा राहून बघितलं. शेतं, एक ओढा, त्यावरचा पूल. हे बघायला हा किल्ला इतकी शतकं उभा आहे, असं मनात आलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "माणूस तऱ्हेवाईक आहे." ती म्हणाली, "तू गडावर जाऊन काय बघायचास? डब्यात काय आहे ते."

मालकांचं खरं प्रेम मात्र फ्रान्समध्ये होतं. नैऋत्येला, नदीकाठी, एक गाव. गाव कसलं, आपल्याकडची वाडी. नाव सांगितलं तरी कोणाला कळायचं नाही, म्हणून ते नुसतं 'तिकडे' म्हणायचे. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको तिकडे जात, एका म्हातारीच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. बायको गेल्यावर ते एकटे जात राहिले. तिकडचा दगडी पूल, कड्यावरचा किल्ला, अक्रोडाचं तेल काढणारी पाणचक्की, कड्याच्या पोटात कोरलेली जुनी घरं, हे सगळं आम्हाला न बघताच पाठ झालं होतं. माझी मुलगी शाळेत भूगोलात एकदा 'तिकडे' असं उत्तर देऊन आली.

मग एका शनिवारी सकाळी बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "इकडे ये. ते बघ खाली काय आहे."

खाली अंगणात, सायकलींच्या शेडजवळ, मालक हिरव्या स्टुलावर बसून कॉफी पीत होते. समोर एक काळा, गुळगुळीत दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. दगडावर त्यांच्या बायकोचं नाव होतं. जन्माचं साल होतं, मृत्यूचं साल होतं. आणि दगडाच्या वरच्या कडेवर कॉफीचा मग ठेवलेला होता.

म्हातारा बहकला आणि स्मशानातून दगड उचलून घेऊन आला, असंच वाटलं. मी स्लिपर घालून धावत खाली गेलो.

"आल्झो, तर मग, हेर नाखबार," ते शांतपणे म्हणाले, "मुदत संपली."

"कशाची?"

"कबरीची."

त्या दिवशी मला कळलं की या देशात कबरसुद्धा मुदतीची असते. अमुक वर्षं जागा तुमची. त्यानंतर काही जागांची मुदत वाढवून मिळते, काहींची नाही. त्यांच्या बायकोची वाढवून मिळण्यातली नव्हती. दगड घरी न्या, असं स्मशानवाल्यांनी सांगितलं. जागेवर गवत लावलं.

आपल्याकडे माणूस राख होऊन नदीत गेला की प्रकरण संपलं. राहिलाच तर भिंतीवरच्या फोटोत, तिथून त्याला कोणी उठवत नाही. इथे मेलेल्या माणसाला जागा खाली करायला सांगतात, ही कल्पनाच मला पेलेना.

"मी जन्मभर घरमालक," मालक म्हणाले, "आणि मेल्यावर भाडेकरू? नाही जमणार." मग मगातला शेवटचा घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तुमच्या वडिलांना नदीत सोडलंत. नाशिकला. तुम्हीच सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. कधीतरी चहा पिताना, बोलण्याच्या ओघात. तेव्हा त्यांनी पाणी किती खोल, प्रवाह किती, असले प्रश्न विचारले होते. मला वाटलं, पूल-इंजिनियर आहे, विचारणारच.

"मला तिकडे सोडायचं. नदीत. इथला कायदा असं करू देत नाही. माझी मुलगी कायदा मोडत नाही, चांगलं वळण लावलंय मी तिला. म्हणून हे काम तुमचं. जा की नाइन?"

हो की नाही! सकाळी, सायकलींच्या शेडपाशी, स्लिपरवर! मी आपल्या संस्काराप्रमाणे पटकन म्हणालो, "अहो, असं अभद्र काय बोलता? तुम्ही शंभर वर्षं जगणार आहात."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "शंभर. म्हणजे तुम्ही तेव्हा सत्तरीला पोचलेले असाल. तुमचे गुडघे आत्ताच जिन्यात वाजतात. काठ उतरता येईल?"

मी म्हटलं, "विचार करतो." ते म्हणाले, "करा. ऑगस्टमध्ये तिकडे जाऊ. गाडी तुम्ही चालवायची, मुलगी मला एकट्याला जाऊ देत नाही. जागा मी निवडतो, उत्तर तुम्ही द्या."

वर येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. "नाही म्हटलं तर घर जाईल," मी म्हणालो. "हो म्हटलं तर व्हिसा जाईल." ती भाजी चिरत होती. "आधी गाव तर बघू," म्हणाली.

असे आम्ही चौघं तिकडे निघालो. मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि माझ्या शेजारच्या सीटवर, नसलेला ब्रेक पायाने दाबत, मालक. पोचलो ते थेट चित्रात शिरल्यासारखं. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, हिरवं संथ पाणी, पलीकडे कड्यावर किल्ला. बायको म्हणाली, "किती सुंदर!" मालक लगेच म्हणाले, "सुंदर आहेच. पण कायमचं राहण्यासारखं आहे का, तो प्रश्न आहे."

मी सहलीला आलो होतो. ते जागा बघायला आले होते. आणि पुढचे दिवस आमची सहल तशीच झाली, एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवत हिंडावं तशी. किल्ल्यावर गेलो. तटावर उभं राहून त्यांनी बोट ओलं करून वर धरलं. "वारा फार. इथून टाकलंत तर परत जर्मनीत येईन." दगडी पुलावर गेलो. कमानी बघून म्हणाले, "पूल उत्तम, पण खाली सेल्फीवाले." कड्याच्या पोटातल्या घरांत गेलो. गाईड मुलगी सांगत होती की इथे हजारो वर्षं माणसं राहिली. मालक जर्मनमध्ये मला मोठ्याने म्हणाले, "बघा, हजारो वर्षं. आणि कोणी मुदत विचारली नाही." गटात दोन जर्मन कुटुंबं होती. त्यांनी मुलांना जवळ ओढून घेतलं.

गावच्या चर्चमध्ये आम्ही नवराबायकोने सवयीने चपला दाराबाहेर काढल्या आणि बाहेर येऊन पाहतो तर एक फ्रेंच आजी त्या दानाच्या टोपलीत ठेवत होती. ते प्रकरण मालकांनी मिटवलं. वर मला ऐकवलं, "देवाच्या दारात चपला सोडायला भीती वाटत नाही, आणि मला हो म्हणायला वाटते."

नदीत होडी वल्हवणं हा तिकडचा मुख्य उद्योग. मी मागे, मालक पुढे. मी वल्हं मारलं की होडी गोल फिरे. पुन्हा मारलं की उलटी गोल फिरे. काठावर जेवत बसलेल्या फ्रेंच मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "छान," मालक मागे न बघता म्हणाले, "किल्ला आता सगळ्या बाजूंनी बघून झाला."

आणि मग तो धक्का, जो मी सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. पाणचक्कीच्या खालच्या अंगाला गोट्यांचा एक लहानसा किनारा आहे. आम्ही तिथे डबा उघडून बसलो होतो. बायकोने मेथीचे ठेपले काढले. मालक म्हणाले, "पाणी तपासून येतो." आणि उठून, सदरा काढला, विजार काढली, आणि मी 'अहो अहो' म्हणेपर्यंत उरलेलंही काढून नीट घडी घालून स्टुलावर ठेवलं आणि ऐंशी पार केलेला तो माणूस जन्माला आला तसा नदीत चालत गेला.

बायकोने एका झटक्यात मान फिरवली ती थेट किल्ल्याकडे. त्या अर्ध्या तासात तिने त्या किल्ल्याचा जितका अभ्यास केला तितका इतिहासाच्या प्राध्यापकांनीही केला नसेल. मी मुलीचे डोळे झाकायला धावलो, तर ती ठेपला खात म्हणाली, "बाबा, दास इस्ट डॉख नॉर्माल!" यात काय विशेष, म्हणे. ती वाढलीच इथे. शेवटी ठसका मलाच लागला.

मालक पाण्यात छातीइतके आत जाऊन उभे राहिले. बराच वेळ. प्रवाहाकडे तोंड, किल्ल्याकडे पाठ. मग बाहेर आले, टॉवेल गुंडाळला, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ही जागा. माझी बायको इथे टोमॅटो धुवायची. एकदा हातातून सगळे सुटले, लाल लाल, ओळीने वाहत गेले. ती इतकी हसली की खाली बसली पाण्यात. मला तिच्या मागे जायचंय. हेर नाखबार, जा की नाइन?"

मी नदीकडे बघितलं, कड्याकडे बघितलं. डोळ्यासमोर पोलीस, व्हिसा ऑफिस, हॅम्बर्गची मुलगी, सगळे रांगेत उभे राहिले. तोंडातून नुसतं "ते असं आहे की..." एवढंच निघालं.

"जा," मागून आवाज आला. बायकोचा.

मी थक्क होऊन वळलो. रविवारी काचेची बाटली डब्यात टाकली तर आवाज होऊन कोणी तक्रार करील, म्हणून सोमवारपर्यंत बाटली पिशवीत ठेवणारी ही बाई! मालकांनी टॉवेल सावरत उठून तिच्याशी हस्तांदोलन केलं. "डांके, शेफिन." आणि मग ठेपल्यांकडे वळले.

रात्री मी तिला म्हणालो, "तुला कळतंय का, काय कबूल केलंस?" ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं होतं का मी?" आणि कूस बदलली.

मालक शंभर जगले नाहीत. त्यानंतर दोन हिवाळे गेले, आणि एका सकाळी छताला झाडूचा दांडा वाजला नाही. आमच्या खिडक्या बंदच होत्या. बायको आधी खाली धावली.

हॅम्बर्गहून मुलगी आली. डोळे सुजलेले, पण सगळं टापटीप. मी धीर गोळा करून तिला नदीचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे. पपा मलाही म्हणाले होते," ती म्हणाली. "पण इथे तसं करता येत नाही. आणि करता आलं असतं तरी... मी कुठे उभी राहू? माझ्या आईची जागा गेली. त्यांची तरी असू दे. थोडी वर्षं."

ती तिच्या जागी बरोबर होती. मालक एश्बॉर्नच्या स्मशानात गेले, मुदतीच्या जागेत. आम्ही फुलं घेऊन उभे राहिलो. ती आम्हाला म्हणाली, घरात राहा, पपांनी तसं सांगून ठेवलंय. मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, घर वाचलं, व्हिसा वाचला. पण बायको त्या आठवड्यात जेवायला बसली की अर्ध्यातच उठायची. "शब्द दिलाय," एवढंच म्हणायची. खिडकीतून खाली तो काळा दगड दिसायचा. त्याच्यासमोर रिकामं हिरवं स्टूल होतं, ते हॅम्बर्गच्या मुलीने आम्हाला देऊन टाकलं होतं.

जूनमध्ये एक दिवस बायको म्हणाली, "माझ्या आजोळी एक माणूस खाडीत गेला होता. सापडलाच नाही. तेव्हा भटजींनी दर्भाचा आणि पिठाचा माणूस केला आणि त्याचं सगळं केलं. सापडत नाही त्याचं असं करतात."

"पण आपले मालक सापडलेत," मी म्हणालो. "आपल्याला पत्तासुद्धा माहीत आहे."

"मिळाले नाहीत ना आपल्याला? मग तेच ते." ती उठली. "कणीक भारतीय दुकानातून आण. दर्भ नाही, तर मालक कापायचे ते अंगणातलं गवत घेऊ."

म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा तिकडे गेलो. आमची मुलगीही, कानातले हेडफोन काढून, बरोबर आली. गोट्यांच्या किनाऱ्यावर मी स्टूल उघडून ठेवलं, किल्ल्याकडे पाठ करून. बायकोने कणकेचा एक ओबडधोबड गोळा केला, त्यात गवताच्या काड्या रोवल्या. मंत्र आम्हाला कोणालाच येत नव्हते. वडिलांच्या वेळी गुरुजी म्हणत होते, मी नुसतं पाणी सोडत होतो. मी तेच केलं, ओंजळीने पाणी सोडलं, आणि गोळा प्रवाहात ठेवला.

तो हातभर गेला असेल, तोच कुठून कोण जाणे, एक बदक आलं. मान लांब करून त्याने गोळ्यावर झडप घातली.

"ए! ए! हुश्श!" मी चपलांसकट पाण्यात घुसलो. "सोड! पोट फुगतं! मरशील!" मालकांना आम्ही इतक्या लांबून आणलं होतं, आणि एक फ्रेंच बदक त्यांना माझ्या डोळ्यादेखत गिळत होतं. एवढ्यात मुलगी कधी नव्हे ते मराठीत ओरडली, "बाबा, खाऊ दे ना त्याला!"

बदकाने शेवटची काडीसुद्धा सोडली नाही. पंख झटकून ते किनाऱ्यावर आलं, डुलत डुलत स्टुलापाशी गेलं आणि गोट्यांवर अंग टाकून बसलं.

मी गुडघाभर पाण्यात तसाच उभा. बायकोने डोळ्यांना पदर लावावा तसा दुपट्टा लावला, आणि हसू की रडू अशा आवाजात म्हणाली, "ओरडू नकोस रे. बघ कसं बसलंय, किल्ल्याकडे पाठ करून."